सुलेखाचे नऊशे अठ्ठेचाळीस क्रौंच

सुलेखाची आणि माझी ओळख पुऱ्यांवरून झाली. सांता क्लाराच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं जेवण होतं, एका शाळेच्या जिममध्ये. मी मुलीकडे, चारुताकडे, कायमची राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून भिंतीकडची खुर्ची धरून बसले होते. शेजारी बारीक चणीची एक बाई होती. काठापदराच्या साडीवर करडा स्वेटर, पायांत बूट. ती दाराकडे टक लावून पाहत होती आणि मध्येच, कोणालाच उद्देशून नाही अशी, म्हणाली, "दोनशे सदतीस. पुऱ्या पुरणार नाहीत."

"मोजलेत तुम्ही?"

"नाही हो. नुसतं बघितलं."

शेवटच्या दोन टेबलांना पुऱ्या मिळाल्या नाहीत. त्यांना पाव वाढले. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "बाई, तुम्ही आमच्या नाटक कंपनीत हव्या होतात."

पस्तीस वर्षं मी रंगभूमीवर काढली. गावोगावचे दौरे केले, राण्या झाले, सासवा झाले, शेवटी शेवटी आज्या झाले. आमच्याकडे पडद्याला एक छोटं भोक असे. तिसऱ्या घंटेच्या आधी प्रत्येक नट त्याला डोळा लावून जायचा आणि रंगपटात येऊन सांगायचा, "पाचशे तरी आहेत!" असायचे दोनशे. ते सगळ्यांना ठाऊक असे, सांगणाऱ्यालाही. पण पाचशे ऐकल्यावर पाय हलके व्हायचे. त्यामुळे समोरची गर्दी आहे तेवढीच सांगणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती, आणि मला तिच्याबद्दल भारी कुतूहल वाटायला लागलं.

ती मिरजेची. वडील तिथल्या इस्पितळात कंपाउंडर. तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, प्रतापरावांशी लग्न करून अठ्ठ्याहत्तर साली इकडे आली, इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि एका इस्पितळाच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काम केलं. काम काय, तर सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजायच्या. शंभर मोजायच्या, आणि त्यांतल्या कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं. त्यासाठी तिच्याकडे एक यंत्र होतं, टाइपरायटरच्या तुकड्यासारखं. प्रत्येक जातीला एक कळ. डोळा काचेवर, बोटं कळांवर. शंभर झाल्या की आतली घंटा वाजायची.

"टिंग झालं की पुढचा पेशंट," ती म्हणाली. "दिवसाला साठ-सत्तर टिंग."

पुढे मोठी मशीन आली. ती एका मिनिटात हजारो पेशी मोजायची. सुलेखाला टेबलावर बसवून कागद तपासायला दिले. जुनी यंत्रं फेकून देणार होते, तेव्हा तिने आपलं मागून घेतलं.

"त्याचं काय करणार होतीस?" मी विचारलं. एव्हाना ती मला ताई म्हणायला लागली होती आणि मी तिला अगं-तुगं.

"काही नाही. हाताला सवय होती."

निवृत्तीच्या वर्षी ती दोघं सॅक्रामेंटोहून एका लग्नावरून परत येत होती. प्रतापरावांनी चुकीचा एक्झिट घेतला. मग आणखी एक चुकीचा. गाडी लोडाय गावाच्या पुढे, डेल्टातल्या बांधावरच्या अरुंद रस्त्याला लागली. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला कापणी झालेलं मक्याचं शेत, त्यात वीतभर पाणी सोडलेलं, आणि त्या पाण्यात उभे सँडहिल क्रेन. छातीपर्यंत येतील एवढे उंच, राखाडी, कपाळावर लाल टिळा. मी त्यांना क्रौंचच म्हणते. सुलेखाने गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरली.

"दोन तास!" हा भाग प्रतापराव सांगतात. ते चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते, आता गुडघ्यांवर वैतागलेले असतात. "दोन तास ही बाई लग्नातल्या पैठणीत बांधावर उभी. मला वाटलं, आता पाण्यात उतरते की काय!"

"किती होते?" मी विचारलं.

"तीनशे अठरा," सुलेखा म्हणाली.

"पण मोजलेस कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझा प्रश्नच चुकला होता. "किती आहेत ते कळायला."

त्यानंतर अकरा हिवाळे झाले. ती दर आठवड्याला दोन तासांचा रस्ता तुडवून तिकडे जाते. पाणथळ जागा सांभाळणारी एक संस्था आहे, तिची ती मोजणीदार झाली. त्या लोकांनी ड्रोनही आणून पाहिले, पण त्यांच्या आवाजाने पक्षी बिथरतात. म्हणून शेवटी माणसाचे डोळेच लागतात.

गेल्या जानेवारीत ती मला म्हणाली, "ताई, येता का? तिसरी मोजणी आहे. महत्त्वाची."

वाटेत तिने समजावून सांगितलं. ते शेत टोनी सिल्वेरा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. दर हिवाळ्यात तो त्यात पाणी सोडतो, म्हणून क्रौंच तिथे रात्र काढतात. उथळ पाण्यात उभं राहून झोपतात, म्हणजे कोल्हा आला तर पाणी वाजतं. आता टोनीच्या मुलाला तिथे द्राक्षं लावायची होती. संस्था करार करायला तयार होती, की पुढचे दहा हिवाळे शेत पाण्याखालीच राहील. पण त्यांचा नियम होता. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तीन मोजण्या करायच्या आणि त्यांतला सगळ्यांत कमी आकडा धरायचा. तो हजाराच्या वर असेल तर पूर्ण शेत, खाली असेल तर निम्मं. उरलेलं निम्मं द्राक्षांना.

"पहिल्या दोन किती झाल्या?"

"अकराशे बारा. एक हजार सेहेचाळीस."

"म्हणजे झालंच की!"

"तिसरी झाली नाही अजून," सुलेखा म्हणाली.

"हिच्याबरोबर आशावादी बोलायचं नसतं, ताई," पुढून गाडी चालवणारे प्रतापराव म्हणाले. "मी चव्वेचाळीस वर्षं प्रयत्न करतोय."

पवनचक्क्यांचे डोंगर मागे पडले, स्टॉकटन गेलं, आणि साडेतीनच्या सुमारास आम्ही बांधावर पोचलो. प्रतापराव थर्मास घेऊन गाडीतच बसले. सुलेखाने दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या, मांडीवर ते जुनं यंत्र ठेवलं. त्याच्या घंटेत तिने कापूस कोंबला होता. मोठ्यांसाठी एक कळ, पिल्लांसाठी दुसरी.

"पिल्लं कशी ओळखायची?"

"कपाळावर लाल नसतं. डोकं तपकिरी. आणि आईबापांच्या मधे असतात. पहिला हिवाळा सोडत नाहीत त्यांना. आता बोलायचं नाही, ताई. हात वर करायचे नाहीत. तुमचा आवाज मला माहितेय."

मी तोंडावर बोट ठेवलं.

सूर्य खाली गेला तसे ते यायला लागले. आधी आवाज आला. लाकडाचा खुळखुळा लांबच्या विहिरीत वाजवावा तसा. मग आकाशात रेघा दिसल्या. मान पुढे ताणलेली, पाय मागे ताणलेले. डोक्यावर आले, की पंख न हलवता पाय खाली सोडायचे आणि हवाई छत्री उतरावी तसे पाण्यात टेकायचे. तीन-तीन, चार-चारचे कुटुंबकबिले. सुलेखाचा डोळा दुर्बिणीला आणि बोटं कळांवर. चेहरा असा, की त्यावर काही लिहिलेलं नाही. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे पाहिलेत, पण इतका रिकामा आणि इतका भरलेला चेहरा क्वचितच पाहिला असेल.

चाळीस मिनिटं मी दगडासारखी बसले. आणि मग आमच्यापासून वीस-पंचवीस हातांवर एक जोडी समोरासमोर आली. एकाने मान लववली. दुसऱ्याने लववली. पहिल्याने चिखलातलं मक्याचं धाट चोचीत उचललं, आभाळात भिरकावलं आणि पंख उघडून जागच्या जागी उडी मारली. मग दुसऱ्याने. काय तो तोल! काय तो ताल! कुणी शिकवला होता? कुणासाठी चालला होता? शेजारी त्यांचं तपकिरी डोक्याचं पिल्लू. त्यानेही धाट उचललं, उडी मारली आणि तोंडावर आपटलं.

मी टाळी वाजवली.

एक नाही. उभी राहून, दोन्ही हातांनी, कडाकड. आणि वर "वा! क्या बात है!" माइक नसतानाच्या काळातला माझा गळा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला कमावलेला. विचार केलाच नाही. समोर असं काही झालं की माझे हात आपोआप उठतात. आजपर्यंत या हातांनी कोणाचं वाईट केलं नव्हतं.

सगळं शेत उठलं. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला, आणि शेकडो पंख एकदम डोक्यावरून गेले. वाऱ्याने माझा पदर उडाला. मग ते वर्तुळ घेत राहिले, ओरडत, काळपट आभाळात.

गाडीची काच खाली झाली. "ताई," प्रतापराव म्हणाले, "टाळ्या पडल्यावर पळून जाणारे नट मी पहिल्यांदाच पाहिले."

सुलेखाने यंत्राकडे पाहिलं. यंत्रावर चारशे बारा होते. पंधरा मिनिटांनी काही थवे परत उतरले, काही पश्चिमेकडे निघून गेले, आणि अंधार पडला. मोजणं शक्यच नव्हतं.

"सुलेखा, माझं चुकलं गं."

"हो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. रिपोर्ट होता.

गाडीत मी तोडगा काढला. आमच्या धंद्याचे संस्कार! "परवाचाच आकडा लिही ना. एक हजार सेहेचाळीस. तेच पक्षी आहेत. माझ्यामुळे उडाले, त्यांची काय चूक?"

"ताई, मिरजेला आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. नळीत रक्ताची गुठळी झाली असेल, तर आकडा लिहायचा नाही. 'पुन्हा नमुना पाठवा' लिहायचं. डॉक्टर ओरडतात, नातेवाईक ओरडतात. ओरडू द्यायचं."

"मग आता?"

"नियमात आहे. संध्याकाळची मोजणी बिघडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, उडायच्या वेळेची करता येते. उद्या पंधरा तारीख. शेवटचा दिवस."

प्रतापरावांनी सुस्कारा सोडला आणि लोडायच्या मोटेलकडे गाडी वळवली. आम्ही डब्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी अर्धा खाऊन डबा पुढे सरकवला. सुलेखाने चार धपाटे खाल्ले. "उद्या थंडी आहे," ती म्हणाली.

सकाळी उजाडायच्या जरा आधी आम्ही बांधावर होतो. पाण्यावर धुकं पातळ होतं, नशीब. मी हात जॅकेटच्या खिशात घातले आणि ते बाहेर काढायचे नाहीत असं ठरवलं. तेवढ्यात मागून एक पिकअप आली. मळकी टोपी घातलेला उंच म्हातारा उतरला.

"गुड मॉर्निंग, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही, टोनी," सुलेखा दुर्बीण न काढता इंग्रजीत म्हणाली. हा संवाद अकरा वर्षं जुना असावा.

टोनीने माझ्याकडे पाहिलं. "काल संध्याकाळी इथे कोणीतरी बंदूक उडवली. माझा कुत्रा पलंगाखाली गेला."

"बंदूक नव्हती," मी म्हटलं. "मी होते."

मी त्याला टाळ्या वाजवल्याची नक्कल करून दाखवली, आवाज न करता. तो हसला, पण हळू. त्यालाही तिथले नियम माहीत होते.

मग उजेड फुटला आणि ते निघाले. संध्याकाळी थव्याने उतरतात, पण सकाळी घराघराने जातात. आई, बाप, पिल्लू मान पुढे झुकवून उभी राहतात, जणू तिघांचं काहीतरी ठरतंय. मग चार पावलं पळतात आणि वर. त्यांच्या मागे पुढचे. एवढ्या गर्दीतून आपली माणसं त्यांना कशी सापडत असतील? मी तासभर तेच बघत राहिले. टोनी कुंपणाच्या खांबाला टेकून उभा होता. मध्येच मला म्हणाला, "साठ वर्षं या शेतावर आहे. सकाळी कायम दुसऱ्या टोकाला पंपापाशी असतो. यांना जाताना कधी पाहिलं नव्हतं."

शेवटचे पाच उडाले. पाणी रिकामं झालं. सुलेखाने यंत्रावरचे आकडे पाहिले, वहीत लिहिले, पुन्हा बेरीज केली.

"नऊशे अठ्ठेचाळीस."

हजाराला बावन्न कमी. ते बावन्न काल पश्चिमेकडे गेलेल्या थव्यांत होते, हे मला सांगायची कोणाला गरज नव्हती.

"हजार लिही," मी म्हटलं. "सुलेखा, तुझ्या पाया पडते. ते बावन्न माझ्यामुळे गेले. आहेत ते, कुठेतरी आहेतच ना?"

टोनीला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. तोही म्हणाला, "डॉक्टर, माझीही हरकत नाही. मुलाला सांगेन, नियम म्हणजे नियम. आणि तपासायला कोण येणार आहे?"

"मी आले होते ना," सुलेखा म्हणाली.

तिने संस्थेचा छापील कागद काढला. त्यात 'व्यत्ययाचं कारण' असा रकाना होता आणि पुढे चौकोन होते. शिकारी, कुत्रा, विमान, गरुड, इतर. तिने 'इतर' वर खूण केली. पुढची ओळ रिकामी ठेवून पेन माझ्या हातात दिलं.

"तुम्ही लिहा. तुम्हाला जास्त नीट माहितेय."

मी इंग्रजीत लिहिलं, की पंधरवड्यातल्या चौदाव्या संध्याकाळी एका निवृत्त अभिनेत्रीने, नृत्य फार आवडल्यामुळे, उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि थवे पश्चिमेला गेले. खाली माझं नाव घातलं आणि सही केली. आयुष्यात पुष्कळ सह्या केल्या, चाहत्यांच्या वह्यांवर. एवढी जड एकही नव्हती.

दहा दिवसांनी सुलेखाला संस्थेतून फोन आला. तिकडची बाई म्हणाली, की तो कागद ऑफिसात सगळ्यांनी वाचला, हसले, आणि नियमावर पुन्हा बोलणी केली. पण सगळ्यांत कमी आकडा तोच धरायचा, असं ठरलं. निम्मं शेत दहा हिवाळे पाण्याचं. निम्मं द्राक्षांचं.

सुलेखाने मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा मी रडले. मग ती म्हणाली, "ताई, निम्म्यात किती मावतील, तुम्हाला काय वाटतं?"

"मला कसं कळणार?"

"मलाही माहीत नाही. दोन पक्ष्यांमध्ये साधारण दोन हातांचं अंतर ठेवतात. पण दाटी झाली तर कमी ठेवतील का? कोणी मोजलेलं नाही."

तिच्या आवाजात मी त्या दिवशी जे ऐकलं, त्याला माझ्याकडे नाव नाही. माझ्या चुकीने तिच्या अकरा वर्षांचं अर्धं गेलं होतं, आणि तिला एक नवा प्रश्न मिळाला होता.

यंदाच्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. शेताच्या मधून नवा बांध. अलीकडे पाणी, पलीकडे कोरड्या मातीत द्राक्षांचे खांब, रांगेत. टोनीचा मुलगा खांबांना तारा बांधत होता. त्याने लांबून हात केला. संध्याकाळी क्रौंच आले, पाण्यावर दोन घिरट्या घेतल्या, आणि उतरले. दाटीवाटीने. मी खिशातले हात घट्ट आवळले होते.

"सातशे तीस," अंधारून येताना सुलेखा म्हणाली.

"आणि बाकीचे?"

ती आधीच खुर्ची मिटत होती. "पश्चिमेला गेले. पंधरा-सोळा थवे. कुठे उतरतात ते बघायला हवं."

प्रतापरावांनी विचारलं, "आत्ता?"

"आत्ता उतरतायत ते."

आम्ही बांधावरून पश्चिमेकडे निघालो, हळूहळू, दिवे मंद करून. एका वळणावर रस्ता संपला. समोर रुंद पण उथळ कालवा, पलीकडे बोरूचं दाट रान. प्रतापरावांनी इंजिन बंद केलं. सुलेखाने काच खाली केली. आधी नुसता वारा. मग रानाच्या मागून, लांबून, तो खुळखुळ्याचा आवाज. एकाचा नाही, पुष्कळांचा.

"तिकडे पाणी आहे," ती कुजबुजली. "नकाशात नाही ते. ताई, बूट घातलेत ना?"

दार हळूच उघडून ती खाली उतरली. मी तिच्या मागे.